कॉर्डलेस ड्रिल घ्यायचंय: १२ व्होल्ट पुरेल की १८च हवं?

पटाशी

घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी कॉर्डलेस ड्रिल घ्यायचंय. वायरचं हॅमर ड्रिल आहे, ते राहणारच आहे. कामं साधारण अशी: १८ मिमी प्लायची कपाटं आणि शेल्फ, बिजागरीसाठी ३५ मिमीच्या वाट्या, ३ मिमी जाड लोखंडी अँगलला ६ ते ८ मिमीची भोकं, आणि अधूनमधून विटांच्या भिंतीत गिट्ट्या.

खोक्यांवरचे आकडे वाचून डोकं चक्रावलंय. एकावर ३० न्यूटन-मीटर, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर १८ ऐवजी २० व्होल्ट. यातलं कामाचं किती नि जाहिरातीचं किती? हॅमरवालं घ्यावं का? आणि ब्रशलेससाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

गिरमिट

आधी व्होल्टचा घोळ मिटवू. लिथियम-आयनचा एक सेल ३.६ व्होल्टचा धरतात, पूर्ण चार्ज झाला की तो ४.२ पर्यंत जातो. '१२ व्होल्ट'च्या बॅटरीत ३ सेल एकापुढे एक असतात, म्हणजे खरे १०.८. '१८ व्होल्ट'मध्ये ५ सेल. हेच ५ सेल पूर्ण भरल्यावर, काहीही ओझं नसताना २० ते २१ दाखवतात, त्यालाच '२० व्होल्ट मॅक्स' म्हणतात. डीवॉल्टची एकच मालिका उत्तर अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स आणि युरोपात १८ व्होल्ट एक्सआर या नावाने विकली जाते. तेव्हा १८ आणि २० मध्ये निवड करायची नाहीये, निवड आहे ३ सेल आणि ५ सेल यांच्यात.

आता तुमची यादी. प्लायमधले स्क्रू, पायलट भोकं (आधी पाडायची बारीक भोकं), लोखंडात ६ मिमी, हे सगळं १२ व्होल्टचं ड्रिल आरामात करतं. बॅटरीसकट वजन किलोच्या आसपास, त्यामुळे कपाटाच्या आत हात वाकडा करून काम करताना त्याच्यासारखं सुख नाही. त्याची दमछाक होते ती ३५ मिमीच्या वाटीला. एखाददुसरी वाटी पहिल्या (हळू) गिअरमध्ये निघते, पण अख्ख्या कपाटाच्या वाट्या एका दमात पाडायला घेतल्या की मोटर तापते, आणि वापरणारा घाई करून जास्तच दाबायला लागतो.

वर्कशॉपमध्ये एकच कॉर्डलेस राहणार असेल तर १८ व्होल्टचं, पण त्यातलं छोटं घ्या: ब्रशलेस, १३ मिमी चक (बिट पकडणारा दातांचा जबडा), बॅटरीसकट दीड किलोच्या आतबाहेर, डोक्याची लांबी १७०-१८० मिमीपेक्षा जास्त नको. १८ व्होल्टमध्ये दोन किलोंची धुडंही मिळतात. ती तुमच्या कामाची नाहीत.

अठरा_गेज

गिरमिट यांना अनुमोदन. टॉर्कबद्दल (पिळायचा जोर, खोक्यावरचे न्यूटन-मीटर) थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो 'हार्ड' टॉर्क. धातूवर धातू बसून स्क्रू एकदम अडतो तेव्हा चक थांबता थांबता जो क्षणिक झटका मिळतो, तो हा आकडा. लाकडात स्क्रू हळूहळू घट्ट होत जातो, तिथे मिळतो तो 'सॉफ्ट' टॉर्क. तो बारीक अक्षरात असतो, कधी नसतोच. उदाहरण म्हणून बॉशचं जीएसआर १२व्ही-१५ घ्या: हार्ड ३०, सॉफ्ट १५. बरोब्बर निम्मा. म्हणून एका कंपनीचा हार्ड आणि दुसरीचा सॉफ्ट शेजारी ठेवून तुलना करू नका.

दुसरं म्हणजे, टॉर्कचा आकडा आणि आरपीएमचा (मिनिटाला किती फेरे) आकडा एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. समजा लिहिलंय ६० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरमध्ये ५०० आरपीएम. दोन्ही एकदम मिळायचे तर हिशेब असा:

६० × २ × ३.१४ × ५०० ÷ ६० = सुमारे ३,१४० वॅट

आता बॅटरी काय देते बघा. १८ व्होल्टला ४० अँपिअर खेचले तरी ७२० वॅट, आणि त्यातूनही मोटर-गिअरमध्ये काही जातात. ५०० आरपीएम म्हणजे चक हवेत फिरताना, ६० न्यूटन-मीटर म्हणजे चक थांबताना. तुमचं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतं आणि नेमकं तेच खोक्यावर छापत नाहीत.

लाकूडकामाला हार्ड ५० ते ६० वालं कॉम्पॅक्ट भरपूर झालं. १०० च्या पुढचं ड्रिल हवं कोणाला, तर ज्याला रोज ६०-७० मिमीचे होल सॉ (गोल करवती) किंवा २५ मिमीचे लांब ऑगर (गिरमिटी बिटं) जाड लाकडात चालवायचेत त्याला. आणि ते घेतलं तर बाजूची मूठ लावल्याशिवाय चालवायचं नाही. बिट अडकलं की चक थांबतो आणि ड्रिल फिरतं, सोबत मनगट.

पटाशी

भारी माहिती. मग ब्रशलेसचं काय? आणि हॅमर?

फिरकी

ब्रशवाल्या मोटरमध्ये दोन कार्बन ब्रश फिरत्या कम्युटेटरवर घासून वीज आत पोचवतात. घासणं आलं म्हणजे उष्णता आली, ठिणग्या आल्या, झीज आली. ब्रशलेसमध्ये चुंबक फिरतो, वायरिंग जागेवर असतं, आणि कुठल्या क्षणी कुठल्या कॉइलला वीज द्यायची ते इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं. फायदे: त्याच बॅटरीवर जास्त काम, मोटर आखूड म्हणून ड्रिलचं डोकं आखूड, आणि ओझं वाढलं की कंट्रोलर स्वतःहून बंद करतो, मोटर जाळत नाही.

तोटाही सांगतो, तो सहसा कोणी सांगत नाही. ब्रशवाल्या ड्रिलमध्ये बिघडणाऱ्या गोष्टी थोड्या आणि स्वस्त: कार्बन ब्रश किंवा स्विच. ब्रशलेसमध्ये स्विच, कंट्रोलर आणि मोटरचं वायरिंग बऱ्याचदा एकच जोडलेला भाग म्हणून येतं. एक गेलं की सगळा संच बदलायचा. तरीही आज नवीन घेणाऱ्याला ब्रशलेसच सांगेन. ब्रशवालं घ्यायचं तर कामं खरोखर तुरळक असली तरच.

हॅमर: तुमच्याकडे वायरचं हॅमर आहे, मग कॉर्डलेसमध्ये नको. बिनहॅमरचं मॉडेल थोडं आखूड नि हलकं मिळतं.

गुण्या

हॅमर नकोच, हे पटत नाही. विटांच्या भिंतीत ६ मिमीच्या दोन गिट्ट्या बसवायला वायर सोडा, एक्स्टेन्शन बोर्ड शोधा, शिडीवर वायर सांभाळा, हे कोण करणार? कॉम्बीमध्ये (हॅमरची सोय असलेल्या कॉर्डलेसमध्ये) हॅमर बंद ठेवता येतो. वजनातला फरक शे-दोनशे ग्रॅमचा, लांबी एक-दोन सेंटीमीटर. विटेला कॉम्बी पुरतं.

फिरकी

विटेला पुरतं, मान्य. पण काँक्रीटला नाही. नवीन माणूस तिथेच ड्रिलची वाट लावतो, म्हणून फरक नीट समजून घ्या.

कॉम्बीतला हॅमर म्हणजे दातेरी चकत्यांची जोडी. एक फिरते, दुसरी स्थिर, दात एकमेकांवरून उड्या मारतात. मिनिटाला ठोके वीस-पंचवीस हजार, पण प्रत्येक ठोका अगदी इवलासा, आणि त्यात जोर येतो तो तुमच्या दाबण्यातून. एसडीएस-प्लस रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवेच्या उशीतून ठोकणाऱ्या दांड्याला मारतो. ठोके कमी, पण एकेक १ ते ३ ज्यूलचा. तिथे दाबावं लागत नाही, नुसतं धरायचं. काँक्रीटमध्ये ८ मिमीच्या पुढे कॉम्बीने भोक पाडायला बसलात तर बिटाचं कार्बाइडचं टोक निळं पडतं, मोटर तापते, भोक काही पुढे जात नाही.

पोकळ विटा किंवा पोकळ ब्लॉक असतील तर हॅमर बंदच ठेवा. आतले पातळ पडदे फुटतात नि गिट्टीला धरायला काही उरत नाही. टाइलवरही तेच: वरचा चकचकीत थर पार होईपर्यंत नुसतं फिरवायचं, हॅमर नंतर.

आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर ही तिसरीच वस्तू आहे. त्यातला ठोका फिरण्याच्या दिशेने बसतो, पुढे नाही. लांब स्क्रू, बोल्ट यांच्यासाठी अप्रतिम, भिंतीसाठी शून्य. त्याला चक नसतो, ६.३५ मिमीचा षटकोनी खाचा असतो. ठरावीक जोरानंतर आपोआप सुटणारा क्लचही नसतो, त्यामुळे प्लायमध्ये बारीक स्क्रू लावताना डोकं कधी पृष्ठभागाच्या आत गेलं ते कळतही नाही.

गुण्या

काँक्रीटबद्दल वाद नाही.

सेलमोजणी

बॅटरीवर कोणीच बोललं नाही, आणि पुढची दहा वर्षं पैसे तिथेच जाणार आहेत.

बॅटरीतली ऊर्जा = व्होल्ट × अँपिअर-तास. १८ व्होल्ट २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास, ५ अँपिअर-तास म्हणजे ९०. १२ व्होल्टची २ वाली खऱ्या हिशेबाने २१.६. आत बघितलं तर १८ व्होल्टची २ किंवा २.५ वाली म्हणजे १८६५० आकाराच्या ५ सेलची एक ओळ. ४ किंवा ५ वाली म्हणजे अशा दोन ओळी शेजारी, एकूण १० सेल. दोन ओळींमध्ये ओझं वाटलं जातं, म्हणून मोठ्या बॅटरीवर तेच ड्रिल जास्त जोर लावतं. ३५ मिमीच्या वाटीला छोट्या बॅटरीवर ड्रिल मधेच बंद पडत असेल तर बहुधा ड्रिल वाईट नसतं, व्होल्टेज खाली बसून संरक्षण लागलेलं असतं.

पण म्हणून ५ वाली एकच घेऊ नका. ड्रिलच्या बुडाला तेवढं वजन दिवसभर झेपत नाही. २ च्या दोन घ्या, एक चार्जरवर नि एक कामावर. ४-५ वाली ग्राइंडर किंवा चकती-करवत घ्याल तेव्हा.

नकली बॅटरी ओळखायची सोपी युक्ती म्हणजे वजनकाटा. १८६५० चा एक सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. दहा सेल म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ते पाचशे ग्रॅम, वर प्लॅस्टिक आणि पट्ट्या. '६ अँपिअर-तास' लिहिलेली १८ व्होल्टची बॅटरी जर सगळी मिळून ३५०-४०० ग्रॅम भरत असेल तर आत पाचच सेल आहेत आणि ६ हा आकडा थाप आहे. ड्रिलवर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असलं काही लिहिलेलं दिसलं तर तेही सोडून द्या. ते व्होल्ट नाहीत, आत तेच पाच सेल. स्वस्तातल्या बॅटऱ्यांमध्ये सेल समतोल ठेवणारं सर्किट आणि तापमान मोजणारा सेन्सर, यातलं एक तरी बऱ्याचदा गाळलेलं असतं. एक सेल मागे पडत जातो आणि अख्खी बॅटरी मरते, किंवा चार्जिंगला लावल्यावर तापते.

पटाशी

वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या एकमेकांत चालतात का?

सेलमोजणी

नाही. कधीकधी एकाच कंपनीच्याही नाहीत. बॉशच्या निळ्या मालिकेची १८ व्होल्ट बॅटरी हिरव्या मालिकेत बसत नाही. मकिताची १२ व्होल्टची सीएक्सटी आणि १८ व्होल्टची एलएक्सटी वेगळी. अपवाद म्हणजे काही कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलेले गट, जसं मेटाबोच्या पुढाकाराने झालेलं सीएएस. म्हणून ड्रिल निवडण्याआधी त्या बॅटरीवर पुढे काय काय चालतं याची यादी बघा: ग्राइंडर, जिगसॉ, ऑर्बिटल सँडर, ब्लोअर. पहिली खरेदी दोन बॅटऱ्या नि चार्जरच्या संचाची करा, पुढची यंत्रं नुसती, बिनबॅटरीची घ्या.

अॅडाप्टर मिळतात, पण ते टाळा. काही बॅटऱ्यांमध्ये फार खाली उतरल्यावर बंद करायचं काम बॅटरीत नसून यंत्रात असतं. अॅडाप्टर लावला की ती साखळी तुटते, सेल २.५ व्होल्टच्या खाली जातात नि मग चार्जर त्यांना ओळखतच नाही.

रंधा

हातात घेऊन बघायची सोय असेल तर काय बघायचं ते सांगतो.

चकचा डगमग. ६ मिमीची सरळ, घासून तयार केलेली पिन सोबत न्या (बिट नको, स्वस्त बिट स्वतःच वाकडं असतं). चकमध्ये पकडा, ट्रिगर अगदी हलका दाबून हळू फिरवा आणि पिनेच्या टोकाशेजारी एखादी स्थिर कड धरून फट बघा. फट कमीजास्त होत असेल तर पिन सैल करा, चक आहे तिथेच ठेवून पिन एक तृतीयांश फिरवा, पुन्हा आवळा. डगमगीची बाजू पिनेबरोबर सरकली तर पिन वाकडी. चकच्या त्याच दाताकडे राहिली तर चक किंवा स्पिंडल (चक बसतो तो दांडा) वाकडा. हातात धरून वापरायच्या ड्रिलला किंचित डगमग चालते. मात्र डोळ्याला ठळक दिसते तेवढी असेल तर २ मिमीची बिटं मोडत बसाल.

मग चक धरून वर-खाली हलवा. स्पिंडल लटपटत असेल तर ठेवून द्या.

ट्रिगर: किती हळू सुरू होतो ते बघा. स्क्रूचं टोक खुणेवर टेकवून अर्धा फेरा, थांबा, पुन्हा अर्धा, इतकं जमलं पाहिजे. सोडल्या सोडल्या चक जागेवर थांबायला हवा. दिवा बॅटरीच्या वर, बुडाशी असेल तर बरा, ट्रिगरच्या वर असला की चकची सावली नेमकी भोकावर पडते. 'मेटल चक' असं लिहिलेलं असतं, पण बरेचदा बाहेरची बाही प्लॅस्टिकचीच असते, नखाने टिचकी मारून बघा.

अठरा_गेज

आणि वापरताना, कारण चांगलं ड्रिल चुकीच्या वेगात चालवलं की बिट जातं आणि शिव्या ड्रिलला.

साध्या लोखंडात कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरा. आरपीएम = २५,००० ÷ (३.१४ × बिटाचा व्यास मिमीत). म्हणजे ३ मिमीला सुमारे २,६५०, ६ मिमीला १,३००, ८ मिमीला १,०००, १० मिमीला ८००. स्टेनलेसला १० मीटर धरा, ८ मिमीला ४००, म्हणजे सरळ पहिला गिअर, तेल आणि दाब कायम. स्टेनलेसवर बिट नुसतं घासत ठेवलंत तर ती जागा कडक होते आणि मग नवं बिटही कापत नाही.

तुमच्या ३ मिमी अँगलला ८ मिमीचं भोक: सेंटर पंच, मग ३ मिमीचं पायलट, मग ८. बिटाच्या टोकाला मधोमध जी आडवी कड असते ती कापत नाही, नुसती दाबते. पायलट त्या कडेपेक्षा जरासं मोठं असलं की पुरे. पार जाताना शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला दाब कमी करा, नाहीतर बिट कडेला अडकतं नि अँगल गरगर फिरतो. अँगल क्लॅम्पमध्ये हवाच, हातात धरून नाही.

३५ मिमीची वाटी: पहिला गिअर, ४०० ते ५००. खोली बिजागरीच्या कागदावर बघा, साधारण ११.५ ते १३ मिमी असते. १८ मिमी प्लायमध्ये फोर्स्टनरचं (वाटी पाडायच्या बिटाचं) मधलं टोक आणखी खाली जातं तरी चालतं, १५-१६ मिमीच्या दारात मात्र ते पलीकडून डोकावू शकतं, तेव्हा टोक किती लांब आहे ते आधी मोजा. दाराच्या कडेपासून वाटीची कड ४-५ मिमी ठेवायची असेल तर मध्यबिंदू २१.५ ते २२.५ वर येतो. हाताने पाडताना फोर्स्टनर सुरुवातीला घसरतं, प्लायच्या तुकड्यात ३५ चं आरपार भोक पाडून त्याचं टेम्प्लेट क्लॅम्प केलं की हूं की चूं करत नाही.

क्लच: ३ किंवा ४ पासून सुरू करून चढत जा, स्क्रूचं डोकं पृष्ठभागाला समतल आलं की थांबा. एका ड्रिलवरचा ७ म्हणजे दुसऱ्यावरचा ७ नव्हे. ४ मिमी जाडीच्या स्क्रूला प्लायच्या कडेत २.५ ते ३ मिमी पायलट, नाहीतर थर उलतात. आणि स्क्रूच्या डोक्यात फुलीच्या मधे आणखी चार बारीक रेघा असतील तर तो पीझेड (पोझिड्राइव्ह), त्याला पीएच (साधं फिलिप्स) बिट लावू नका, दोन्ही नासतील.

गिअर बदलायचा तो चक पूर्ण थांबल्यावर. खटका बसत नसेल तर चक जरासा फिरवून पुन्हा सरकवा, जोर नको.

पटाशी

ठरलं मग. १८ व्होल्ट, कॉम्पॅक्ट, ब्रशलेस, बिनहॅमर, २ च्या दोन बॅटऱ्या. (गुण्या, शिडीवर वायर सांभाळीन.) एक शेवटची शंका: काम करताना किल्लीविना चक सैल होतो, बिट घसरतं, अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी वाचली.

सेलमोजणी

बॅटरीबद्दल एक राहिलंच: शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आणि महिनाभर वापर नसेल तर अर्धी भरलेली ठेवा. उन्हातल्या गाडीत नको.

रंधा

चक सैल होतो त्याची कारणं साधारण तीन. बिट आत टेकवून मग पाच-सात मिलिमीटर बाहेर ओढायचं असतं. नाहीतर पन्हाळीचा भाग दातांत सापडतो आणि दात गुळगुळीत दांड्याला नीट धरत नाहीत. दुसरं, आवळायचं हाताने, कटकट असा आवाज येईपर्यंत. ट्रिगर दाबून चक हाताने धरून आवळायची सवय असते ती वाईट, तळहात सोलतो आणि चक कधी अर्धवट आवळला जातो, कधी इतका की उघडत नाही. तिसरं, दांडा तेलकट. पुसून घ्या. मोठ्या बिटांना तीन सपाट बाजू घासलेला दांडा मिळतो, तो घसरत नाही.

चकच स्पिंडलवर सैल असेल तर दात पूर्ण उघडून आत बघा, तळाशी एक स्क्रू दिसेल. तो बहुतेक ड्रिलना उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे आवळायला डावीकडे आणि काढायला उजवीकडे. उलट दिशेला जोर लावून डोकं खराब केलं की तो चक काढणं अवघड होऊन बसतं. परत बसवताना आट्यांना निळ्या थ्रेडलॉकचा (आटे पकडून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, लाल नको, लाल तापवल्याशिवाय सुटत नाही.